अर्धं विसर्जन

माजिवडा, ठाणे
मंगळवार, दुपार

प्रिय मालन,

हे पाकीट राघो तुझ्या हातात देईल. त्याच्यासमोर फोडू नकोस. त्याला चहा पाज, वाटेला लाव, सहदेव भाऊजी पारावर गेले की ओटीवर बस आणि चष्मा लावून सावकाश वाच. मधेच फोन उचलून मला लावू नकोस, एवढं माझं ऐक. रोज सकाळी तुला फुलांचे नि सुविचारांचे फोटो पाठवणारी मी आज कागद-पेन घेऊन बसलेय, म्हणजे काहीतरी बिनसलंय हे तुला कळलंच असेल. फोनवर मला जमत नाही गं. तुझा आवाज ऐकला की मी गोडगोड बोलायला लागते आणि बोलायचं ते राहून जातं. रविवारीही तेच झालं. तू म्हणालीस, कल्पिताने ठाण्यात मेंदूच्या डॉक्टरांकडे नंबर लावलाय, गुरुवारी अकराला, विसरायचा आजार आहे का ते तपासणार आहेत. ‘तू येशील ना गो बाय? तू आसलीस का मना धीर येतो.’ मी म्हटलं, येते की, त्यात काय, आमच्याकडून रिक्षाने दहा मिनिटं. फोन ठेवला आणि तिथेच बसून राहिले. मयूरने विचारलं, आई, कोणाचा फोन होता? मी उठून कुकर लावायला गेले.

तुला आणि विसरायचा आजार! नव्याण्णव साली मी बी.कॉम.चं सर्टिफिकेट पिशवीत घालून डोंबिवलीला आपल्या कंपनीच्या स्टोअरमधे आले, तेव्हा तू नववी पास होतीस, पण तुझ्यावाचून तिथलं पान हलत नव्हतं. पंपांचे भाग ते किती, नट, बोल्ट, रिंगा, सील, पंखे, सगळे मिळून चार हजारांच्या वर. माल न्यायला आलेला राघो खिडकीतून ओरडायचा आणि तू मान वर न करता सांगायचीस, तिसरी रॅक, खालून दुसरा कप्पा, निळ्या डब्याच्या मागे. पहिल्या आठवड्यात मला वाटलं, ही बाई थापा मारतेय. मी मुद्दाम उठून बघायला जायची आणि माल तिथेच असायचा. मग मी तोंड पाडून परत यायची आणि तू तुझा डबा उघडून सुक्या जवळ्याची चटणी माझ्या पोळीवर घालायचीस. एकदा मी विचारलं, एवढं राहतं कसं गं लक्षात? तू म्हणालीस, जिथे हे स्टोअर उभं आहे तिथे तुझ्या सासऱ्यांची भातशेती होती, एमआयडीसीत गेली. कुठल्या खाचरात किती भारे निघायचे ते म्हाताऱ्याला मरेपर्यंत पाठ होतं, त्याच्या सुनेला चार रॅका काय जड? आणि तुझे धवले! आमच्या कोकणात लग्नाला भटजी लागतो, तुमच्याकडे हळदीपासून वरातीपर्यंत सगळे विधी गाऊन सांगणारी धवलारीण लागते, हे मला तुझ्यामुळे कळलं. पंचक्रोशीतली लग्नं तुझ्या तारखा बघून ठरायची. समोर कागद नाही, वही नाही. कल्पिताच्या लग्नात मी तुझ्या शेजारी बसून ऐकलं आणि मला तुझा हेवा वाटला. हेवा हा शब्द मी मुद्दाम लिहितेय, पुढे लागेल.

आपला जुना प्रोग्राम आठवतो ना? कल्याणच्या कुठल्याशा गृहस्थांनी लिहून दिलेला. निळा पडदा, पांढरी अक्षरं, माऊसचं नाव नाही. दसऱ्याला तू त्याला झेंडूची माळ घालायचीस आणि एरवी तू शिवलेलं फुलाफुलांचं कव्हर. त्या प्रोग्रामला एकच नाव नि एकच पासवर्ड चालायचा. स्क्रीनच्या कोपऱ्यात कायम लिहिलेलं असायचं, ‘मालन’. तू बसलीस तरी मालन, मी बसले तरी मालन. मी दोनदा साहेबांना म्हटलं, मला वेगळं नाव करून द्या. कोणी मनावर घेतलं नाही. तू म्हणालीस, जाव दे गो, तू नि मी काय वेगल्या हाव?

आणि आपला गणपती! बाहेरच्या माणसाला सांगितलं तर वेडात काढेल. माल गेटवर यायचा, पण तपासणी होऊन आवकेचा कागद आपल्या हातात पडायला संध्याकाळ व्हायची. तोवर शॉपमधली, पंप जोडणारी माणसं खिडकीशी येऊन ओरडत असायची. माल समोर पडलेला, पण आवक चढल्याशिवाय प्रोग्राम एक नग बाहेर सोडायचा नाही. तेव्हा तू एक नवीनच वस्तू तयार केलीस, नाव ठेवलंस गणपती, आणि तिच्या नावावर नव्याण्णव हजार नग खोटेच भरून ठेवलेस. अडलं की आपण म्हणायचो, गणपतीतून दे. कागदावर गणपती बाहेर जायचा, हातात सील नाहीतर रिंग. शेऱ्यात तू खरी वस्तू लिहून ठेवायचीस आणि महिन्याच्या शेवटी विसर्जन करायचीस. गणपतीच्या नावावरचे सगळे नग परत आणून त्याचं खातं साफ करायचं. त्या संध्याकाळी खोबरं-साखर वाटायची आणि राघो खिडकीतून ओरडायचा, ‘पुढच्या महिन्यात लवकर या!’ दरवर्षी हिशेब तपासायला येणारे लोक विचारायचे, हे गणपती काय आहे? तू म्हणायचीस, विघ्न आलं का लागतो. त्या लोकांना काही कळायचं नाही, पण तेही खोबरं खाऊन जायचे.

मग ईआरपी आलं. साईनाथ साहेब नवीन मॅनेजर, त्यांना सगळं एका धाग्यात ओवायचं होतं, खरेदी, स्टोअर, शॉप, विक्री. सॉफ्टवेअरवाल्यांकडून दर्शना आली. मुलगी चांगली होती, आपल्या डब्यातलं मागून खायची. पण तिने पहिल्याच दिवशी विचारलं, स्टोअरमधून की-यूजर कोण? म्हणजे नवीन सिस्टिम आधी शिकून इतरांना शिकवणारा माणूस. सगळ्यांनी तुझ्याकडे बघितलं आणि तू माझ्याकडे बोट दाखवलंस. ‘ही शिकलेली हाय, हिला द्या.’ मालन, तुला वाटलं तू एक कटकट माझ्या गळ्यात टाकलीस. मला काय वाटलं ते मी तुला कधी सांगितलं नाही. पंचवीस वर्षं त्या खिडकीत जो येईल तो विचारायचा, मालनबाय कुठंय? मी समोर बसलेली असायची, मला सगळं येत असायचं, तरी माणूस म्हणायचा, असू दे, त्या आल्या की येतो. आणि आता माझ्या गळ्यात कार्ड आलं. साईनाथ साहेब भर मीटिंगमधे म्हणाले, विनिता मॅडमना विचारा. मी घरी येऊन ते कार्ड आरशात बघितलं. पगार एक रुपयाने वाढला नव्हता, पण मी हवेत होते.

तुझं ट्रेनिंग मी घेतलं. तू हसत हसत सगळ्यांना हसवलंस. लाल चौकोन भरल्याशिवाय पुढे जाता येत नाही म्हटल्यावर म्हणालीस, ‘यो नवा सासूसारका हाय गो बाय. कुठं गेल्ती, कोनासंगं गेल्ती, सगला इचारतंय.’ दर्शना तर खुर्चीतून पडायची बाकी होती. मीही हसले. पण एकदा तुझं बोट माऊसवर अडखळलं आणि मी सगळ्यांसमोर म्हणाले, अगं किती वेळा सांगायचं, लक्षात राहत नाही का तुझ्या? तू ‘चुकला बाय’ म्हणून पुन्हा माऊस धरलास. त्या वाक्याची मला आज लाज वाटते. तेव्हा नाही वाटली, तेव्हा बरं वाटलं होतं.

एक एप्रिलला नवीन सुरू होणार होतं. मार्चअखेर जुन्यातले आकडे नव्यात ओतायचे होते. मोठ्या मालाची हाताने मोजणी झाली, बारीकसारीक माल मात्र जुन्या आकड्यांवरच पुढे ढकलला, कारण वेळ नव्हता. अठ्ठावीस मार्चला दुपारी तीन वाजता तुला घरून फोन आला की सासूबाईंचं काही खरं नाही. तू पदर खोचलास आणि निघालीस. सासूबाई त्याच दिवशी गेल्या. तू तेरा दिवसांनी परत आलीस तोवर नवीन सिस्टिम सुरू झाली होती, जुनी मशीन कुलूपबंद होती आणि नव्यात गणपतीला जागा नव्हती. तू म्हणालीस, चला, बाप्पाची कायमची पाठवणी झाली. मी हो म्हटलं. तेवढंच आपण त्यावर बोललो.

मेमधे काय झालं ते तुला मी कशाला सांगू, पण लिहिलं नाही तर पुढचं लिहिता येणार नाही. एका पाणी योजनेचे दोनशे पंप जायचे होते, उन्हाळा संपायच्या आत. ईआरपी म्हणत होतं, सील आठशे चाळीस शिल्लक. रॅकवर निघाले साठ. सिस्टिमने आहेत म्हटल्यावर खरेदीवाल्यांनी मागवलेच नव्हते आणि नवीन यायला पाच आठवडे लागणार होते. ऑर्डर दुसऱ्याकडे गेली. मग साईनाथ साहेबांनी जुनी मशीन उघडायला लावली आणि दर्शनाने कागद छापून टेबलावर ठेवला. अठ्ठावीस मार्च, गणपतीचं खातं शून्य केलं, पण जे सील त्यातून गेले होते ते खऱ्या सीलमधून वजा केलेच नाहीत. विसर्जन अर्धंच झालं होतं. नोंद करणाऱ्याचं नाव, मालन; वेळ त्या प्रोग्रामात उमटायचीच नाही. सगळ्यांनी तुझ्याकडे बघितलं. तू तो कागद दोनदा वाचलास आणि म्हणालीस, ‘नाव माजाच हाय. म्हंजे मीच केलं आसंल. त्या दिशी डोका ठिकान्याव नव्हता माजा.’ साहेबांनी विचारलं, नक्की आठवतंय? तू म्हणालीस, नाय साहेब, तेच तं आठवत नाय. मी तुझ्या शेजारच्या खुर्चीत होते. माझ्यासमोर पाण्याचा ग्लास होता, मी त्याच्याकडे बघत होते.

साहेबांना स्टोअरमधे नाहीतरी एकच माणूस ठेवायचं होतं. त्यांचं काम सुंठीवाचून खोकला गेल्यासारखं झालं. तुला कोणी काढलं नाही, फक्त म्हणाले, मालनताई, आता घरी आराम करा. रिटायर व्हायला दीड वर्ष होतं. शाल नाही, श्रीफळ नाही, चार शब्द नाहीत. तू ओल्या फडक्याने रॅका पुसल्यास, किल्ल्या माझ्या हातात दिल्यास आणि आपण गेटपर्यंत चालत गेलो. तिथे तू थांबलीस आणि खाली बघत विचारलंस, ‘विनिता, मी गेल्याव तू तं नाय ना बसलीस माज्या जागेव?’ मी म्हटलं, नाही गं, मी कशाला बसू? तू माझा हात धरलास. म्हणालीस, ‘चुकला माजा. उगाच तुज्याव शक घेतला.’ आणि रिक्षात बसलीस.

येत्या जूनला वर्ष होईल. मला वाटलं होतं तू महिनाभर रडशील, मग शेताच्या तुकड्यात भेंडी लावशील आणि मला पिशवी भरून पाठवशील. भेंडी आली नाही. कल्पिताचे फोन यायला लागले. मावशी, आई गॅसचं बटण तीन-तीनदा बघते. मावशी, आई कॅलेंडरवर लिहून ठेवते, दूध तापवलं, गोळी घेतली, दाराला कडी घातली. एकदा आमटीत मीठ राहिलं तर तू डोक्याला हात लावून बसलीस म्हणे. अगं, आमटीत मीठ माझ्याकडून आठवड्यातून एकदा राहतं, मयूर गुपचूप वरून घालून खातो. मग कळलं की या वर्षी तू धवले गायला नाही म्हणून सांगितलंस. तीन घरचे लोक नारळ घेऊन आले आणि तू म्हणालीस, मधेच विसरलं तर नवरा-नवरीचा अपशकुन व्हायचा. आणि गेल्या महिन्यात कल्पिता जे म्हणाली त्याने माझी झोप गेली. ती टिटवाळ्याहून दर शनिवारी मुलीला तुझ्याकडे ठेवायची ना, तर तूच तिला म्हणालीस, पोरीला माझ्याकडे एकटी ठेवू नकोस, मी कुठेतरी विसरून येईन. चार वर्षांची नात दाराशी रडत होती आणि तू आत जाऊन बसलीस. कल्पिता फोनवर रडली. मी तिला म्हटलं, डॉक्टरला दाखव. हो, ते मीच म्हटलं.

आपल्या स्टोअरची खबर विचारशील तर नव्याचे नऊ दिवस कधीच संपले. माझं कार्ड ड्रॉवरमधे पडलंय. सिस्टिम चांगली आहे, खोटं कशाला बोलू, कुठला माल कुठे आहे ते दोन सेकंदांत सांगते. दर्शना दुसऱ्या कंपनीत गेली. रॅकांना आता नंबर आहेत, निळे डबे गेले. खिडकीत माणसं येतात, मॅडम म्हणतात, कागद घेतात, जातात. जेवायला मी एकटी बसते. राघो पूर्वी आपल्याबरोबर बसायचा, तो तू गेल्यापासून शॉपमधे जाऊन जेवतो. मला एकदाही वाकडा शब्द बोलला नाही, पण खाई त्याला खवखवे, मला वाटतं त्याला माहीत आहे. काल त्याला म्हटलं, मालनला एक पाकीट देशील? त्याने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, लय दिवस लावलेत विनिताबाय. म्हणजे आहेच त्याला माहीत. त्यालाही नोकरी आहे, पोरंबाळं आहेत, मी त्याला बोल लावत नाही.

आता गुरुवारचं. काल सकाळीच कल्पिताचा पुन्हा फोन आला होता. ती म्हणाली, डॉक्टर आईला आत घेतील आणि बरोबरच्या माणसाला वेगळं बसवून विचारतील, विसरणं कधी सुरू झालं, पहिली मोठी चूक कुठली झाली. मावशी, ऑफिसातलं तुम्हालाच ठाऊक, तुम्हीच सांगा. मी बरं म्हटलं आणि दुपारपर्यंत ते उत्तर मनात घोळवत बसले. मला सांगावं लागेल, अठ्ठावीस मार्चपासून. डॉक्टर ते कागदावर लिहून घेतील, त्याच्यावर गोळ्या लिहून देतील, आणि तू ते मरेपर्यंत खरं मानशील, जसं त्या दिवशी टेबलावरच्या कागदावर तुझं नाव दिसलं आणि तू ते खरं मानलंस.

ते माझ्याने होणार नाही, म्हणून हे पत्र. तू निघून गेलीस तेव्हा मशीन चालूच होती, कोपऱ्यात तुझं नाव होतं. साडेचारला दर्शना आली, म्हणाली, सहाला जुन्याची शेवटची प्रत घेणार, काही राहिलंय का? गणपतीच्या सदतीस ओळी बाकी होत्या. मला म्हणता आलं असतं, मालनला विचारून सांगते. तुझ्या सासूबाई जात होत्या म्हणून मी विचारलं नाही असं मी स्वतःला किती तरी महिने सांगितलं, पण ते खरं नाही. मला दर्शनासमोर तुझं नाव घ्यायचं नव्हतं. पंचवीस वर्षं मी शेजारून बघत होते, मला वाटलं येतं मला. तिला काही राहिलं नाही म्हटलं आणि ती गेल्यावर तुझ्या खुर्चीत बसून मीच खातं साफ केलं; खिडकीतून राघोने बघितलं असणार. तू संध्याकाळी खातं साफ करायचीस तेवढंच मी बघितलं होतं. उरलेलं काम, एकेक नग खऱ्या वस्तूतून वजा करायचं, तू दुसऱ्या दिवशी सकाळी आठला येऊन शांतपणे करायचीस आणि मी यायची साडेनऊला. ते असतं हेच मला माहीत नव्हतं. मेमधे रिकाम्या रॅकसमोर उभी राहिले तेव्हा पहिल्या मिनिटात मला कळलं काय झालं ते. तरी मी मीटिंगमधे गप्प बसले, आणि गेटपाशी तू विचारलंस तेव्हा तोंडावर खोटं बोलले. चूक हातून झाली म्हणून मी ती विसरलेही असते, पण ते दोन वेळचं मी जाणूनबुजून केलं. काल साईनाथ साहेबांना हे सगळं लिहून सहीनिशी दिलं. त्यांनी वाचलं आणि म्हणाले, आता त्याचा काय उपयोग मॅडम, जुनी मशीन तर आपण भंगारात दिली. त्यांना नसेल, तुला आहे. हे पत्र कल्पिताला दाखव, भाऊजींना दाखव, वाटलं तर डॉक्टरांनाही दाखव. माफी मागायला मी गुरुवारी पावणेअकराला दवाखान्याच्या दाराशी उभी राहीन. तू आलीच नाहीस तर मला त्याचाच आनंद होईल. आलीस आणि माझ्याकडे न बघता आत गेलीस तरी मी तुला हाक मारणार नाही. पण एवढं मात्र आज, आत्ता, तिथे ओटीवर बसूनच ऐक. वर्षभर तू एक गोष्ट आठवायचा जीव तोडून प्रयत्न करतेयस आणि आठवत नाही म्हणून स्वतःला वेडी ठरवतेयस. तुला ती नोंद आठवत नाही, मालन, कारण ती तू केलीच नव्हतीस.

अजून म्हणू देशील तर, तुझीच,
विनिता